फूटपाथ हवा, पण समोरच्या बाजूला

पालिकेच्या रस्ते विभागात तिला सगळे पेन्सिलबाई म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर मॅडम. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्यात वावगं असं काही तिला वाटत नव्हतं. ती अंगानं काटकुळी होती, अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची आणि बोलण्याच्या बाबतीतही ती पेन्सिलीसारखीच होती. कुणी हातात घेऊन चालवल्याशिवाय आवाज नाही.

हुद्दा आरेखक. म्हणजे इंजिनिअर ठरवणार, ठेकेदार बांधणार आणि या दोघांच्या मध्ये जो नकाशा लागतो तो ही काढणार. सत्तावीस वर्षं ती तेच करत होती. संगणक आले तेव्हा मुकाट्यानं संगणक शिकली, पण खिडकीजवळचं आपलं तिरकं टेबल तिनं कुणाला हलवू दिलं नाही. तिच्या नकाशांत कधी चूक निघाली नव्हती. नकाशातला रस्ता आणि जमिनीवरचा रस्ता यांत फरक पडला, तर विभागात आधी जमीन पुन्हा मोजली जायची.

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. धाकटा भाऊ दूरच्या शहरात. तो दर रविवारी फोन करायचा आणि एका फोनमध्ये तीनदा "बाकी काय?" असं विचारायचा. तिचं लग्नाचं राहून गेलं होतं. कुणी विचारलंच तर ती हे अशा सुरात सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, इस्त्रीचे कपडे आणायचे राहिलेत.

वडील निवृत्त बस ड्रायव्हर. डेपोत त्यांना घड्याळ म्हणत, कारण बत्तीस वर्षांत त्यांची बस थांब्यावर ना आधी आली, ना नंतर. बैठकीच्या खोलीत सोफ्यासमोरच्या भिंतीवर एक चौकट टांगलेली होती. तिच्यात निळ्या कापडावर एक बिल्ला आणि खाली छापील अक्षरं : 'पंचवीस वर्षे अपघातरहित सेवा'. घरी येणाऱ्या पाहुण्याला पाणी पिऊन होईपर्यंत ती वाचावीच लागायची, कारण वडील बरोबर तिच्याखालच्या खुर्चीत बसायचे. आता ते एकोणऐंशीचे झाले होते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघालेले, गुडघे कुरकुरणारे. सकाळचा चहा झाला की गॅलरीत बसून ते खालून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरांची परीक्षा घ्यायचे. अजून कुणी पास झालेलं नव्हतं.

तर हिच्या टेबलावर त्या रस्त्याची फाईल आली.

रस्ता उपनगरातला, शाळेच्या चौकापासून ग्रंथालयापर्यंत, दीड किलोमीटर. दोन्ही बाजूंना बुटकी घरं, घरांपुढे छोट्या बागा आणि बागा संपल्या की थेट डांबर. चालायला जागा नव्हतीच. फूटपाथ करा म्हणून लोक अकरा वर्षं अर्ज करत होते. पालिकेनं शेवटी होकार दिला, पण रस्ता अरुंद, म्हणून फूटपाथ एकाच बाजूला. एका बाजूला सम क्रमांकांची घरं होती, दुसऱ्या बाजूला विषम. इंजिनिअरसाहेबांनी सम बाजू ठरवली आणि पेन्सिलबाईनं ती कागदावर एका सरळ, स्वच्छ पट्टीत उतरवली. आता रहिवाशांची सभा घेऊन त्यांच्या हरकती आणि सूचना ऐकणं तेवढं उरलं होतं. नियमच तसा होता.

सभेच्या दिवशी दुपारी साहेबांचा घसा बसला. सकाळी ते फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होते, पण घसा काही सांगून बसत नाही. त्यांनी तिच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. 'सभा तुम्ही घ्या. बोलायची गरज नाही. नकाशा लावा, लोकांचं म्हणणं लिहून घ्या.' तिनं चिठ्ठी वाचली, घडी करून फाईलला टाचली आणि नकाशाची गुंडाळी काखेत मारून निघाली.

सभा शाळेच्या वर्गात होती. मोठी खोली त्या दिवशी मिळाली नव्हती, त्यामुळे त्रेचाळीस प्रौढ माणसं दुसरीच्या मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून बसली होती. तिनं फळ्यावर नकाशा लावला आणि त्याच्या छोट्या प्रती वाटल्या. बऱ्याच जणांनी त्या उलट्या धरल्या. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आपलं घर ग्रंथालयाच्या जागी शोधलं आणि ते सापडत नाही म्हणून नोंद करायला सांगितली. तिनं नोंद केली.

पाऊण तासात रहिवाशांचं म्हणणं स्पष्ट झालं. फूटपाथ हवा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. तो समोरच्या बाजूला हवा, यावरही होतं. सम घरांना तो विषम बाजूला हवा होता, विषम घरांना सम बाजूला.

विषम बाजूचे पुढारी होते दातांचे डॉक्टर. रस्त्याला मध्यावर एक वळण आहे, त्या वळणावर त्यांचं घर. घरापुढे छातीइतकं उंच, दाट, हिरवंगार कुंपण. त्या कुंपणाला बागांच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं होतं आणि पहिलं का मिळालं नाही, ते डॉक्टर अजून सांगायचे. फूटपाथ त्यांच्या बाजूला आला तर कुंपणाचा हातभर भाग जाणार होता.

सम बाजूला, त्याच वळणावर, डॉक्टरांच्या बरोबर समोर राहायच्या निवृत्त मुख्याध्यापिका. हातात काठी, पाठ मात्र फूटपट्टीसारखी ताठ. सभेच्या जाहिरातीत शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मग त्यांनी नकाशा सरळ धरून, नीट वाचला आणि विचारलं,

"या रस्त्यावरून तुम्ही स्वतः कधी चालला आहात का?"

पेन्सिलबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. जी बोलतच नाही तिला ती लागणार कशी?

"नाही," ती म्हणाली.

मुख्याध्यापिकाबाईंनी नुसती मान हलवली, एखाद्या हुशार मुलीची वही कोरी निघावी तशी. शेवटी मत घेतलं. एकवीस विरुद्ध एकवीस. त्रेचाळिसावा माणूस कराटेच्या वर्गासाठी आला होता, पण सभा रंगली म्हणून बसून राहिला होता. तो त्या रस्त्यावर राहत नव्हता. त्याचं मत धरता आलं नाही.

तिनं अहवालात सगळं लिहिलं. बाईंचा प्रश्न लिहिला, आपलं उत्तरही लिहिलं. लिहिताना तिच्या लक्षात आलं, की सत्तावीस वर्षांत आपण एकसष्ट फूटपाथ काढले आणि त्यातल्या चारांवर चाललो. तेही त्या बाजूला बँक होती म्हणून.

हे तिनं त्या संध्याकाळी भाजी चिरताना वडिलांना सांगितलं. वडिलांना रस्त्याचं नाव ऐकूनच हुरूप आला. त्या मार्गावर त्यांनी सलग एकोणीस वर्षं बस चालवली होती. थांबे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. कुठे खड्डा, कुठे झाडाची फांदी टपाला घासते, सगळं तोंडपाठ.

"पण फूटपाथ कशाला हवाय तिथे?" ते म्हणाले. "त्या रस्त्यावर चालणारं माणूस मी कधी पाहिलं नाही."

"असतील बाबा. तुम्हाला दिसली नसतील."

तिनं हे सहज म्हटलं होतं. वडील मात्र जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत. त्यांच्या घरात ते रोजचंच, त्यामुळे तिलाही त्यात वेगळं काही जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी त्या रस्त्यावर जायला ती बूट घालत होती तेव्हा वडील काठी घेऊन आधीच दाराशी उभे होते. शाळेच्या चौकात ते दोघं बसमधून उतरले आणि चालू लागले. दीड किलोमीटरला त्यांना एक तास दहा मिनिटं लागली. त्यातली वीस मिनिटं वडील ठिकठिकाणी उभे राहून, आपण इथे बस कशी घ्यायचो ते सांगत होते.

चालताना तिला नकाशात नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. डांबराच्या कडेला माणसांच्या पायांनी माती घट्ट झालेली होती, अरुंद, चमकदार पट्टी. ती सम बाजूनं निघत होती. वळणाच्या थोडं आधी ती संपायची आणि समोर, विषम बाजूला पुन्हा सुरू व्हायची. डॉक्टरांच्या कुंपणापाशी तिला जागाच नव्हती, तिथे लोक सरळ रस्त्यावर उतरत असणार. वळण संपलं की विषम बाजूला उघडं गटार लागायचं, तिथून पट्टी परत सम बाजूला. ही वाट कुणी ठरवली नव्हती. कुणाची तिच्यावर सही नव्हती. पण दीड किलोमीटरभर ती कुठे चुकलेली नव्हती.

"लोक वळणावर बाजू का बदलतात?" तिनं विचारलं.

वडील वळणाच्या आतल्या बाजूला, मुख्याध्यापिकाबाईंच्या भिंतीपाशी उभे होते. भिंतीचा कोपरा ठिगळ लावल्यासारखा नव्या विटांचा होता.

"कारण इथे बसचं मागचं चाक आत कापतं," ते म्हणाले. त्यांनी काठीनं मातीत दोन रेषा ओढून दाखवल्या. पुढचं चाक रुंद वळण घेतं, मागचं जवळचा रस्ता धरतं. गाडी जितकी लांब तितकं ते जास्त आत येतं. ड्रायव्हर पुढे बघत असतो, पुढून सगळं मोकळं दिसतं. "इथे भिंतीला चिकटून उभं राहिलं तरी चाक हातभरावरून जातं. कधी हातभरही नसतं."

तिनं त्या दोन रेषांकडे पाहिलं. तिच्या नकाशातला फूटपाथ नेमका त्याच हातभरात होता.

"हे तुम्ही काल नाही सांगितलंत."

"काल तू विचारलं नाहीस," वडील म्हणाले आणि पुढे निघाले. उरलेल्या वाटेत त्यांनी एकही थांबा दाखवला नाही.

सोमवारी तिनं पालिकेच्या भांडारातून फक्कीची दोन पोती मागवली. ही पांढरी भुकटी मैदानं आखायला वापरतात. भांडारप्रमुखानं विचारलं, सामना कुठला आहे? ती म्हणाली, सम विरुद्ध विषम. आयुष्यात तिनं केलेला हा बहुधा पहिला विनोद, आणि भांडारप्रमुखानं तो तसाच नोंदवहीत उतरवून घेतला.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता तिनं रस्त्यावर फूटपाथ काढायला घेतला. कागदावर नव्हे, डांबरावर, खऱ्या मापाचा. दोरी धरायला वडील होते. आधी सम बाजूचा सरकारी फूटपाथ सलग पांढऱ्या रेघेत आखला. मग पायांच्या वाटेनं जाणारा दुसरा, तुटक रेघेत. नऊपर्यंत लोक चहाचे कप घेऊन बागेतून बाहेर आले. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसाला समजावावं लागतं, पण पायाखालच्या रेघेवर चालायला कुणाला शिकवावं लागत नाही. लोक चालू लागले. जुळ्यांची बाबागाडी अडकली तेव्हा दोन घरांनी आपण होऊन सांगितलं, की इथे वीतभर जास्त लागेल. नकाशात ग्रंथालयाच्या जागी आपलं घर शोधणाऱ्या गृहस्थांना ते अखेर सापडलं. वाद झाले, पण आता ते बाजूंवरून नव्हते, इंचांवरून होते. इंच हा तिचा प्रांत. ती खाली बसून मोजायची आणि आकडा सांगायची, आणि आकड्यापुढे कुणी फार वेळ टिकत नसे.

वळणापाशी मात्र घोडं अडलं. तुटक रेघ डॉक्टरांच्या कुंपणातून जात होती. डॉक्टर कुंपणापुढे हात मागे बांधून उभे राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता. सम बाजूनं सलग फूटपाथ जातोय, तर वळणावर तो रस्ता ओलांडून माझ्याकडे कशाला आणायचा? पेन्सिलबाईनं चाकाचं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मग ते सगळ्यांकडे वळून म्हणाले,

"मी माहिती काढली आहे. या वळणावर इतक्या वर्षांत एकही अपघात नाही. पालिकेकडे नोंद नाही, बसच्या कचेरीत नोंद नाही. जे झालंच नाही त्याच्यासाठी माझं कुंपण तोडायचं?"

मुद्दा बिनतोड होता. नोंद नाही म्हणजे नाही, यावरच तिची सत्तावीस वर्षं गेली होती.

वडिलांच्या हातात अजून दोरीचं टोक होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"नोंद नाही, कारण मी करू दिली नाही," ते म्हणाले.

लोकांना आधी कळलंच नाही, की हे म्हातारे गृहस्थ कोण. त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी ते याच वळणावरून बस घेऊन येत होते. दोन मिनिटं उशीर झालेला. वळण घेऊन झाल्यावर त्यांना आरशात दिसलं, की एक बाई भिंतीला पाठ लावून उभी आहे आणि तिची पिशवी मागच्या चाकाखालून गेली आहे. पिशवीतलं सामान रस्त्यावर पसरलं होतं. बाई उभी होती. उभी आहे म्हणजे ठीक आहे, असं त्यांनी धरलं. आणि गाडी थांबवली नाही. पुढच्या थांब्यावर ते वेळेत पोहोचले.

हे सगळं ते वाहतुकीचे नियम सांगावेत तशा आवाजात सांगत होते. पेन्सिलबाई त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती रेघेकडे पाहत होती.

मुख्याध्यापिकाबाई आपल्या फाटकातून पुढे आल्या.

"ती बाई आमच्या घरी पाणी प्यायला आली होती," त्या म्हणाल्या. "तिला लागलं नव्हतं. पण तिला पेला धरता येत नव्हता. मी त्याच दिवशी तुमच्या कचेरीला पत्र लिहिलं. बसचा नंबर घालून. उत्तर आलं नाही."

"पत्र आलं होतं," वडील म्हणाले. "डेपोच्या साहेबांनी मला बोलावून वाचून दाखवलं. मी म्हणालो, असं काही झालेलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझं रेकॉर्ड चांगलं होतं."

बाबागाडीतलं एक जुळं रडायला लागलं, त्याला गप्प केलं गेलं.

"पत्र कसं होतं?" बाईंनी विचारलं.

"स्पष्ट होतं."

बाईंनी मान हलवली. त्या बाईचा पत्ता तुमच्याकडे आहे का, असं वडिलांनी विचारलं. नव्हता. ती इथली नव्हतीच, कुणाकडे तरी कामासाठी आली होती आणि नंतर कधी दिसली नाही. नावही विचारायचं राहिलं, बाई म्हणाल्या. हे कबूल करणं त्यांना जड गेलं, कारण हजेरीपटावर नाव नाही असं त्यांच्या आयुष्यात फारसं घडलेलं नव्हतं.

मग डॉक्टर खाकरले. त्यांनी टेप मागितला, स्वतः वाकून कुंपण मोजलं आणि विचारलं, हातभर म्हणजे नक्की किती? बेचाळीस सेंटिमीटर, पेन्सिलबाई म्हणाली. चाळीस केलेत तर बघू, डॉक्टर म्हणाले. ती म्हणाली, बेचाळीसच. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, पण सूटही नव्हती. शेवटी डॉक्टर तयार झाले. अट एकच घातली. नकाशावर 'कुंपण मालकाने स्वेच्छेने मागे घेतले' असं लिहायचं. तिनं तिथल्या तिथे लिहिलं. बाईंनी ते वाचून 'स्वेच्छेने' बरोबर लिहिलं आहे, अशी खात्री दिली.

त्या दिवशी घरी परतताना बसमध्ये बापलेक शेजारी बसले होते. तिच्या मनात बरंच काही होतं आणि त्यातलं एकही वाक्य धड नव्हतं. लहानपणी शाळेत 'माझे वडील' या निबंधात तिनं 'त्यांची बस कधी उशिरा येत नाही' असं लिहिलं होतं, दहापैकी नऊ मिळाले होते. तिला राग आला होता, पण नेमका कशाचा, ते तिला सांगता आलं नसतं. त्यांनी तेव्हा गाडी थांबवली नाही याचा, की आज सगळ्यांसमोर सांगितलं याचा, की आधी घरी सांगितलं नाही याचा. तिनं तिन्ही पर्याय मनात ओळीनं मांडून पाहिले. तिसऱ्याचा होता.

"आईला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो," वडील म्हणाले. "ती म्हणाली होती, जाऊन सांगा. मी म्हटलं, बघू."

घरी आल्यावर त्यांनी चौकट काढून ठेवायला सांगितली. भिंतीवर खिळा दिसेल, ती म्हणाली. मग दुसरं काही लाव, ते म्हणाले. त्या जागी कॅलेंडर लागलं. बिल्ला कपाटात गेला. टाकून दे, असं ते म्हणाले नाहीत आणि तिनंही विचारलं नाही. चार दिवस ते गॅलरीत बसले नाहीत. पाचव्या दिवशी बसले आणि तासाभरानं आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात एका ड्रायव्हरला नापास केलं. तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं.

ऑफिसात साहेबांचा घसा मोकळा झाला होता. त्यांनी नवा नकाशा दोन्ही हातांत धरून दूरवरून पाहिला.

"हे असं वाकडं का?"

"लोक असेच चालतात, साहेब."

साहेबांना नकाशाचं काही नव्हतं. अडचण फॉर्मची होती. मंजुरीच्या फॉर्मवर छापलं होतं, 'पदपथाची बाजू : सम / विषम (नको ते खोडावे)'. काहीच खोडलं नाही तर फॉर्म वरून परत येणार. तिनं काहीच खोडलं नाही. फॉर्म परत आला. तिनं तो पुन्हा पाठवला, तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, मॅडम, एक शब्द खोडायचा आहे, एवढं काय त्यात? यापूर्वी त्यांनी सांगितलेला एकही शब्द तिनं खोडल्याशिवाय ठेवला नव्हता. ती म्हणाली, मी विचार करून सांगते.

विचार तिनं वीस मिनिटं केला. मग तिनं एका रस्त्याचे तीन रस्ते केले. चौकापासून वळणापर्यंत पदपथ क्रमांक एक, बाजू सम. वळणाचा तुकडा पदपथ क्रमांक दोन, बाजू विषम. पुढे ग्रंथालयापर्यंत पदपथ क्रमांक तीन, बाजू सम. तीन फॉर्म, तीन नकाशे, प्रत्येकावर नको तो शब्द व्यवस्थित खोडलेला. मधे दोन ठिकाणी पांढऱ्या पट्ट्यांचा ओलांडमार्ग. तो वेगळ्या खात्याकडे जातो, त्याचा फॉर्मही वेगळा. तिन्ही पदपथ एकाच दिवशी मंजूर झाले. वर्षाच्या अहवालात विभागानं ठरवल्यापेक्षा दोन फूटपाथ जास्त केल्याचं दिसलं आणि साहेबांना शाबासकी मिळाली. त्यांनी ती हसून स्वीकारली.

काम आठ महिने चाललं. उद्घाटन झालं नाही, कारण तीनपैकी नेमकं कुठल्या फूटपाथचं करायचं, ते ठरेना. लोक मात्र सिमेंट ओलं असल्यापासूनच चालू लागले. दोन ठिकाणी त्यांच्या पावलांचे ठसे कायमचे राहिले. डॉक्टरांचं कुंपण बेचाळीस सेंटिमीटरनं मागे सरलं आणि त्या वर्षी त्याला तिसरं बक्षीस मिळालं. ते याचा दोष पालिकेला देतात, पण संध्याकाळी फिरायला त्याच फूटपाथवरून जातात. काही म्हाताऱ्या बायका अजूनही फूटपाथच्या शेजारून, रस्त्यावरूनच चालतात. पेन्सिलबाईनं एकीला कारण विचारलं, तर ती म्हणाली, चपला नव्या आहेत, फरशीवर झिजतात.

साहेब आता सगळ्या सभा तिलाच घ्यायला लावतात. ती घेते. तिला त्या आवडत नाहीत, पण त्या चांगल्या होतात. सभेआधी ती रस्त्यावरून एकदा चालून येते आणि चालताना कुणी भेटलं तर थांबून बोलते, अगदी पाच-पाच मिनिटं.

एक गोष्ट तेवढी राहून गेली. पदपथ क्रमांक तीनच्या ऐन मध्ये विजेचा एक खांब उभा आहे. तिथे माणसाला तिरकं व्हावं लागतं आणि बाबागाडीला खाली उतरावं लागतं. वीज खात्याचं म्हणणं असं, की खांब आधीचा, फूटपाथ नंतरचा, तेव्हा हलायचं असेल तर फूटपाथनं हलावं. म्हणण्यात तथ्य आहे, हे तिनं मान्य केलं आणि भेटीची वेळ मागितली. ती मिळाली आहे, येत्या बुधवारी, सव्वाअकरा. तिनं खांबाचा नकाशा केला आहे, माणसाच्या खांद्याचं आणि बाबागाडीचं माप घालून. वडील म्हणाले, मीही येतो, खांबाच्या बाबतीत मला दोन शब्द सांगायचे आहेत. ती म्हणाली, काही गरज नाही, मी बोलेन. त्यांनी बुधवारसाठी सदरा इस्त्रीला टाकला आहे.